जोड फोडायचा नाही

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं तोंड सगळ्यात शेवटी दिसतं. आधी पाय, मग पिशवी, आणि बिल करायला मान वर केली की तोंड. पनवेलच्या जुन्या बाजारात आमचं चपलांचं दुकान आहे आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे लोकांच्या पायाशी बसते. माझ्या आईला ते सुरुवातीला फार लागलं होतं. "एवढी शिकवली आणि बघ," असं ती मावशीला फोनवर सांगत होती. मला नाही लागलं. पाय खोटं बोलत नाहीत वगैरे मोठी वाक्यं काही मी लिहिणार नाही. पाय चिक्कार खोटं बोलतात. सात नंबरची बाई सहाच्या चपलेत पाय कोंबून "बरोब्बर बसली हो" म्हणते तेव्हा तिचा पाय हूं की चूं करत नाही. दोन दिवसांनी फोड घेऊन ती परत येते आणि भांडते माझ्याशी.

दुकान काढलं माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी. त्याआधी ते स्वतः चपला शिवायचे. कंपनीचा तयार माल आला आणि शिवलेली चपल कोणी घेईना, तेव्हा त्यांनी गाळा घेऊन तयार मालच विकायला सुरुवात केली. पण हत्यारं टाकली नाहीत. दुकानाच्या मागच्या अंगाला त्यांची रापी, आरी, ऐरण अजून आहे, आणि फळीवर कालबुतं ओळीनं उभी आहेत. कालबूत म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर चढवून जोडा बेततात. बूट चावतोय म्हणून कोणी आलं की अण्णा तो ओलसर करून कालबुतावर चढवतात, आत मऊ अस्तर लावतात, पट्ट्याला एक भोक वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस हसत घरी जातो. या कामावर आख्ख्या पनवेलात त्यांचं नाव आहे, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

दुकानात अण्णांचा एकच कायदा. जोड फोडायचा नाही. म्हणजे काय, तर कोणाचेही दोन पाय अगदी सारखे नसतात, एक किंचित मोठा असतोच. काहींचा चांगला नंबरभर मोठा असतो. मग ते म्हणतात, डावा आठचा द्या, उजवा सातचा द्या. तसं दिलं की आमच्याकडे एक सातचा डावा आणि एक आठचा उजवा उरतो, आणि तो जन्मात खपत नाही. त्यामुळे मोठ्या पायाचा नंबर द्यायचा आणि लहान पायाच्या बुटात आतून एक जादा सोल टाकायचा. एकदा एक बाई आल्या, त्यांची एक चपल कुत्र्यानं पळवली होती. "एकच द्या ना, दुसरी आहे की माझ्याकडे." अण्णा शांतपणे म्हणाले, "कुत्र्याला घेऊन या बाई. त्यालाच विचारू दुसरी कुठंय." बाई रागावून गेल्या आणि पुढच्या आठवड्यात आख्खा जोड घेऊन गेल्या.

हा कायदा ज्याच्यापुढे हरला असं मी एकच गिऱ्हाईक बघितलं होतं. ओवे गावचे नामदेवदादा. जमीन गेलेली, आणि तळोज्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलेले. युनिफॉर्मला काळे बूट हवेत म्हणून आले. मी स्टूल पुढे ओढलं, पाय हातात घेतला आणि माझा हात थांबला. उजवा पाय आतल्या बाजूला वळलेला, तळवा वर आलेला, आणि पायाच्या बाहेरच्या कडेवर एवढा जाड घट्टा. जन्मभर माणूस त्या कडेवर चालला होता. आमच्याकडचा एकही बूट त्यांच्या पायात जाईना. शेवटी अण्णांनी तीन दिवस बसून त्यांना बुटासारखी दिसेल अशी काळी चपल शिवून दिली. नामदेवदादा ती घालून दुकानात दोन फेऱ्या मारून म्हणाले, "झकास. लांबून बघनाऱ्याला कळायचा नाय." तेव्हा माझं लग्न नवंच होतं. घरी जाऊन मी जेवले, आणि विसरलेही.

पुढे सई झाली. सिझेरियन झालेलं, मी गुंगीत. नर्सनं बाळ गुंडाळून आणलं, मी तोंड बघितलं, नाक बघितलं, आणि सवय ती सवय, दुपटं बाजूला करून पाय बघायला गेले. डावा पाय छान. उजव्या पायाचा तळवा माझ्याकडे बघत होता. मला एकदम नामदेवदादांचं स्टूलवरचं पाऊल आठवलं. ओरडायला झालं, पण टाक्यांमुळे ओरडताही येईना.

"क्लबफूट आहे," बाळाचे डॉक्टर म्हणाले, "बरा होतो. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा." आणि ते गेले पुढच्या खाटेवर. बरा होतो म्हणजे काय होतो? कधी होतो? कोणाचा होतो? माझा नवरा विनोद मोबाइलवर व्हिडिओ शोधत बसला. एकात बाळाला मांडीपर्यंत प्लास्टर, दुसऱ्यात ऑपरेशन, तिसऱ्यात कोणीतरी तेल लावतंय, आणि चौथ्यात एक गृहस्थ सांगतायत की काही करूच नका, आपोआप सरळ होतं. "यातलं खरं कोणतं?" मी विचारलं. "सगळेच डॉक्टरसारखे बोलतायत गं," विनोद म्हणाला. तो बिचारा माझ्याहून जास्त भेदरला होता.

पाचवीला बायका जमल्या. पाटा-वरवंटा पुजला, सटवाईचं सगळं झालं, आणि मग कोणीतरी हळूच दुपटं वर केलं. लगेच प्रश्न आला, "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" आता काय सांगू? ग्रहण होतं त्या दिवशी मी दुकानात होते, हातात कात्री होती आणि नव्या मालाच्या दोऱ्या कापत होते. चपलांचा जोड दोरीनं बांधून येतो, तो सोडवायलाच लागतो. मी गप्प राहिले आणि बायकांना उत्तर मिळालं. नंतर मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना ग्रहणाचं विचारलं. तिघंही नाही म्हणाले. तरी पुढच्या ग्रहणाला मी आपली कात्री गल्ल्यात टाकून कुलूप लावलं. काय करणार, डोक्याला पटलं तरी हाताला पटत नाही.

महिन्याच्या आतच मी सईला घेऊन दुकानात यायला लागले. चपलांच्या दुकानात लोक बूड टेकवतात, आणि बूड टेकलं की सल्ला निघतो. उरणकडून मासे घेऊन येणारी हिराबाई आमची जुनी गिऱ्हाईक, दर पावसाळ्याला रबरी बूट नेणारी. तिनं सईचा पाय हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, अगदी सुरमई बघावी तसा. "प्लास्टर-बिस्टर काय नको वयनी. आमच्या चिरनेरकडं एक म्हातारी हाय. तेल लावून चोलते. सवा महिन्यात पाय सरल. कवली काडी हाय ही, आताच वलंल." मला ते पटलं. कोवळं आहे तोवर वळेल, बरोबरच आहे. मग आम्ही गावातल्या मोठ्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. अण्णांचे ओळखीचे, दोघांचं वयही एकच. ते म्हणाले, "आत्ता घाई नको. वर्षाची होऊ दे, एकच ऑपरेशन करू, पाय सरळ." तेही पटलं. एकदाच काय ते होऊन जाईल. मग कोणीतरी नवीन पनवेलच्या एका तरुण डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं, त्या फक्त लहान मुलांची हाडं बघायच्या. त्या म्हणाल्या, "वर्षभर का थांबायचं? आजपासून सुरू करू. दर आठवड्याला पाय थोडा वळवायचा आणि प्लास्टरमध्ये धरायचा. मग टाचेमागची शीर छोटासा छेद देऊन सैल करायची. आणि मग ब्रेस, तीन-चार वर्षांची होईपर्यंत." अगं बाई, हेही पटलं! माझं हे असंच असतं. जो शेवटी बोलेल तो मला खरा वाटतो. सकाळी मसाज, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी प्लास्टर, अशी मी घरातल्या घरात फिरत होते आणि सई आपली मूठ चोखत पडली होती. तिला वाकडा काय नि सरळ काय.

तशात नामदेवदादा चपलेचा पट्टा शिवायला आले. मी धीर करून सई त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, "दादा, तुम्ही सांगा. काय करू?"

त्यांनी वाकून तिच्या पायाकडे बघितलं, हात लावला नाही. मग म्हणाले, "मना कशाला इचारतं वयनी? मना दुसरा पाय ठाऊकच नाय. माझी आय रोज चोलायची तेल लावून. दुपारची उन्हात घेऊन बसायची. पाय काय सरल झाला नाय. पन तिचा हात अजून ध्यानात हाय." आणि चपल माझ्याकडे देत, "येकच सांगतो. वाट नका बगू. वाट बगता बगता मी चालाय लागलो, आनि चालाय लागल्यावर मंग कोन काय करनार?"

आता तुम्हाला वाटेल, या बोलण्यानं माझा निर्णय झाला. अर्धाच झाला. मोठे डॉक्टर बाद झाले. मसाज की प्लास्टर हे अजून होतंच. अण्णांना विचारलं, तर त्यांनी डॉक्टरबाईंची पद्धत माझ्याकडून नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे कालबूतच की. फक्त उलटं. आपण पायावर बूट बेततो, त्या बुटात पाय बेतायचा म्हणतात. जमेल." आणि खरं सांगायचं तर बाकीचं अर्धं वारानं ठरवलं. आमच्या दुकानाची सुट्टी सोमवारी, आणि बाईंचा प्लास्टरचा वारही सोमवार. लेकराच्या जन्माचा प्रश्न मी दुकानाच्या सुट्टीवर सोडवला, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

प्लास्टरचे ते सोमवार. टबात पाय बुडवून जुनं प्लास्टर भिजवायचं, सोलायचं, मग डॉक्टरबाई पाय हातात घेऊन हळूहळू वळवायच्या. सई दूध पिता पिता किंचाळायची आणि मी तिच्या तोंडातली बाटली धरून भिंतीवरच्या चित्रातल्या सशाकडे बघत राहायची. बाळंतिणीच्या घरात शेक-शेगडी, न्हाणं, ओव्याची धुरी, आणि आमचं बाळ ओल्या फडक्यानं पुसायचं, का तर प्लास्टर भिजेल. लांबलेल्या बारशाला तिला पाळण्यात घातलं तर प्लास्टरचा पाय कठड्यावर टक्‌ करून आपटला आणि सगळ्या बायका चुकचुकल्या. मला त्या दिवशी सगळ्यांना बाहेर काढून दार लावावंसं वाटलं. पण दर सोमवारी प्लास्टर निघालं की पाय थोडा आणखी सरळ दिसायचा. आधी आत, मग समोर, मग चक्क बाहेर. टाचेमागचा तो छेदही झाला. शेवटचं प्लास्टर निघालं तेव्हा मी तो पाय हातात धरून स्टूलवर बसले होते आणि मला कळेना हा कोणाचा पाय. इतका सुंदर पाय मी दुकानात कधी बघितला नव्हता.

मग आला ब्रेस. एक पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन चामडी बूट, दोन्हींची तोंडं बाहेर. मला वाटलं पार्सलात डावा-उजवा उलटा लागला. "तसाच असतो," डॉक्टरबाई हसल्या. "पहिले तीन महिने फक्त आंघोळीला काढायचा. मग झोपेत. हा सुटला की पाय परत आत जातो, एवढं लक्षात ठेवा. आणि हे बघा, टाचेपाशी भोक आहे. घातल्यावर यातून टाच दिसली पाहिजे. दिसली म्हणजे पाय नीट बसला." मी मान डोलावली.

सईनं घर डोक्यावर घेतलं. प्लास्टरला ती इतकी रडली नव्हती. पाय मारायची, लाल व्हायची, श्वास कोंडायची. दुकानात गिऱ्हाईक आत यायचं आणि परत फिरायचं. टाचेवर लालसर वळ आला, तो बघून माझ्याच पायात कळ गेली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एवढा वळ चालतो, फोड आला तर दाखवा, सवय होईल, काढू मात्र नका. विनोद म्हणायचा काढू या थोडा वेळ, मी म्हणायची नको, आणि तासाभरानं मी म्हणायची काढू या आणि तो म्हणायचा नको. असे आम्ही दोघं.

आणि एक दिवस ती रडायची थांबली. म्हणजे एकदम नाही, चार-पाच दिवसांत कमी होत होत. ब्रेस घातला की एकदा कुरकुर करायची आणि हातांनी खेळायला लागायची. वळही गेला. मी रोज त्या भोकातून बघायची, आत फिकट, मऊ टाच दिसायची. विनोदनं त्याच्या मित्रांना मेसेज केले, सवय झाली म्हणून. हिराबाईनं आनंदानं पापलेट दिलं. मीही पहिल्यांदाच पोटभर झोपले. अण्णा तर इतके खुशीत की गिऱ्हाइकाशी गाणं गुणगुणत बोलायचे.

पुढच्या तपासणीला अण्णा हट्टानं आमच्याबरोबर आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. डॉक्टरबाईंनी ब्रेस काढला, पाय दाबून बघितला, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. परत दाबला. "टाच वर आलीये," त्या म्हणाल्या. "पाय आत चाललाय. किती तास घालता?"

"चोवीस तास, आंघोळ सोडून," मी म्हणाले. "शपथ घेऊन सांगते. रोज भोकातून टाच बघते."

त्यांनी बूट उचलला, भोकाशी डोळा लावला, मग चिमट्यानं आतून काहीतरी ओढलं. फिकट रंगाचं मऊ मेंढीचं कातडं. अस्तर. मी रोज टाच म्हणून बघत होते ती हीच. पट्ट्याला एक भोक वाढवलेलं होतं, आणि बूट पुढून चांगलाच रुंद झाला होता, कालबुतावर चढवल्यासारखा.

"हे कोणी केलं?"

"मी," अण्णा म्हणाले. बाकावर बसले होते ते उठून उभे राहिले, पेढे हातात. "आता चावत नाही. रोज आंघोळीच्या वेळी थोडं थोडं केलं. एक टाका दिसायचा नाही बघा."

असं म्हणून ते डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना शाबासकी हवी होती. मला ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काका, तुमचं काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण हा चालायचा बूट नाही. हा पाय धरून ठेवतो. तुम्ही त्याला धरायचं काम सोडायला लावलंत. आता परत प्लास्टर घालू. पाय आला तर आला. नाही आला तर मोठं ऑपरेशन."

परत येताना रिक्षात अण्णा माझ्या शेजारीच बसले. मला राग आला होता, असा की अण्णांकडे बघवेना. आणि त्याच वेळी त्यांचे ते हातातले पेढे बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम कसं येतं मला माहीत नाही. घरी पोचल्यावर मी म्हणाले, "अण्णा, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"मग ती रडत राहिली असती."

आयुष्यभर या माणसानं एकच गोष्ट केली होती. बूट चावला की मऊ करायचा. रडणारा माणूस आला की हसत पाठवायचा. नात रडत होती, बूट चावत होता. त्यांनी तेच केलं. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला हे सुचलंही नसतं आणि जमलंही नसतं. त्या रात्री त्यांनी जेवण टाळलं, आणि दुसऱ्या दिवशी रापी-आरी गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. नामदेवदादा चपल घेऊन आले तर त्यांना म्हणाले, "दुसरीकडे शिवून घे बाबा. माझा हात गेला." हात कसला गेला होता!

परत सोमवार सुरू झाले. या वेळी मला गोंधळायलाही त्राण नव्हतं, नुसती भीती होती. हिराबाई म्हणाली, "मी बोल्लू नव्हतं, मालिश करा?" आणि त्या क्षणी मला वाटलं, खरंच, तसंच केलं असतं तर? नामदेवदादांच्या आईनंही तेच केलं होतं, हे आठवायला मला अख्खा दिवस लागला. पण पाय आला. मोठं ऑपरेशन टळलं. डॉक्टरबाईंनी पाय दोन्ही बाजूंनी वळवून बघितला आणि म्हणाल्या, "आला." त्या एका शब्दावर मी त्यांच्या दवाखान्यात हमसून हमसून रडले. नवा ब्रेस मिळाला.

पहिल्या दिवशी दुपारी मी तो सईला घालायला बसले. ती किंचाळायला लागली आणि माझ्याच्यानं पट्टा ओढवेना, बक्कल लागेना. अण्णा मागून आले. माझ्या हातातून पट्टा घेतला. टाच खाली दाबली, वाकून भोकातून डोळा लावून बघितलं, पट्टा ओढला, आणखी ओढला, आणि बक्कल लावलं. सई त्यांच्या तोंडावर रडत होती आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी तिच्या पोटावर पडत होतं. मग त्यांनी दुसरा बूट लावला. पुढची जवळजवळ चार वर्षं ब्रेस तेच लावायचे, माझ्यापेक्षा घट्ट. ती त्यांच्यावर चिडायची. "आजोबा दुष्ट," म्हणायची. ते म्हणायचे, "हो गं बाई, दुष्ट."

सई चालली, पळाली. तुम्ही तिला बघितलंत तर तुम्हाला काही कळणार नाही. मला कळतं. उजवी पोटरी बारीक आहे आणि उजवा पाय एक नंबर लहान आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं की तो लहानच राहणार. शाळेचे पहिले बूट घ्यायची वेळ आली. मी सवयीनं मोठ्या पायाचा नंबर काढला, डावा घातला, आणि उजव्यासाठी सोलाच्या डब्यात हात घातला.

"थांब," अण्णा म्हणाले.

ते उठले. एक खोकं काढलं, मग त्याच्या खालच्या नंबरचं दुसरं. एकातला डावा घेतला, दुसऱ्यातला उजवा. दोन जोड फोडले. विनोद आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. "हिच्या बुटात मी काही टाकणार नाही," अण्णा म्हणाले. "मऊ-बिऊ काही नाही. तिच्या पायाचा तिला." उरलेला लहान डावा आणि मोठा उजवा त्यांनी एका खोक्यात घातला आणि वरच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून दर जूनला वरच्या फळीवर एक खोकं वाढतं. स्टॉक घेताना विनोद दरवर्षी म्हणतो, "अण्णा, हे काढून टाकू." अण्णा म्हणतात, "असू दे. कोणाचा तरी डावा पाय असेल तसा लहान."

आता दुकानात प्लास्टरवालं बाळ घेऊन बायका येतात, कोणीतरी माझं नाव सांगितलेलं असतं. विचारतात, ताई, काय करू? बाई गं, मला काय माहीत! मी एवढंच सांगते की लवकर जा, आणि ब्रेस लागल्यावर त्याला कोणी हात लावू नका. बाकी तुमचा गोंधळ तुम्हाला घालायचाच आहे, तो मी घालून देऊ शकत नाही. माझाच अजून संपलेला नाही. सई खेळताना पडली की मी आधी उजवा पाय बघते, मग ती कुठे पडली ते बघते.

या जूनमध्ये तळोज्याहून एक माणूस आला, मुलाला घेऊन. "नामदेवदादांनी पाठवलं," म्हणाला. मुलगा सईपेक्षा वर्षभरानं मोठा, गप्प. स्टूलवर बसवून मोजा काढला. डावी पोटरी बारीक. डावा पाय एक नंबर लहान. सईच्या बरोबर उलट. "अण्णा!" मी हाक मारली, आणि विनोद शिडी घेऊन वरच्या फळीवरची सगळी खोकी खाली काढायला लागला. इतक्या वर्षांची खोकी, प्रत्येकात लहान डावा आणि मोठा उजवा. धूळ झटकून एक-एक लावून बघितलं. एकही होईना. मुलगा मोठा होता ना, सईचे उरलेले त्याला लहान पडणारच. हे आधी कळायला काय झालं होतं? पण आम्ही तिघंही खुळ्यासारखे सगळी खोकी उघडून बसलो होतो. त्या माणसाचं तोंड पडलं. "राहू द्या," तो म्हणाला, "सोल टाका एका पायात."

"सोल नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी मोठ्या नंबरचे दोन नवे जोड काढले आणि फोडले. लहान डावा, मोठा उजवा, मुलाच्या पायात घातले, लेस स्वतः बांधली. मुलगा उठला, दुकानात दारापर्यंत चालून आला, आणि पहिल्यांदाच हसला.

उरले एक मोठा डावा आणि एक लहान उजवा. अण्णा ते हातात घेऊन बसले. मी बोटांवर डावं-उजवं मोजत होते, माझं नेहमीच चुकतं. सई शाळेतून आली होती, गल्ल्याशी चिंच खात बसली होती. अण्णांनी तिला जवळ ओढलं, तिच्या सँडल काढल्या आणि ते दोन बूट तिच्या पायात घातले. डावा डाव्यात, उजवा उजव्यात. त्यांनी अंगठ्यानं पुढे दाबून बघितलं. दोन्ही पायांत सारखीच जागा उरत होती, बोटभर.

"पुढच्या जूनला," अण्णा म्हणाले, आणि खोक्यावर सईचं नाव घालायला त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.